ओल्या हातांच्या टाळ्या

१

कर्कटक महिन्यात, म्हणजे ऐन आषाढात, केरळातल्या वर्कलाला हौसेनं कुणी येत नाही. पाऊस मुक्कामाला आल्यासारखा बसलेला असतो. कड्यावरची निम्मी हॉटेलं ताडपत्र्या ओढून झोपी गेलेली असतात, आणि जी उघडी असतात त्यांचे मालकही गिऱ्हाईक दिसलं की आधी दचकतात, मग हसतात. अमावास्येला मात्र पितरांना पिंड द्यायला अर्धा जिल्हा पापनाशमच्या वाळूवर उतरतो. त्या दिवसाला अजून पाच दिवस अवकाश होता.

म्हणून स्टेशनबाहेर सुगतनने "शांत खोली पाहिजे" असं म्हटलं तेव्हा रिक्षावाल्या बैजूला हसूच फुटलं.

"अण्णा, अख्खं गाव शांत आहे. बोट दाखवाल ती खोली तुमची."

"समुद्र दिसला नाही तरी चालेल. आवाज नको."

"समुद्रकाठी येऊन आवाज नको म्हणणारे तुम्ही पहिलेच! बायकोशी भांडून आलात की काय?"

"बायको नाही मला."

"मग तर घरीच केवढी शांतता असेल," असं म्हणून बैजूने रिक्षा सुरू केली.

घराचं नाव निघताच सुगतनने तोंड बाहेर वळवलं. घर तिथून दक्षिणेला अकरा किलोमीटरवर होतं, कायिक्कराला. आणि त्या घरात तो चौदा वर्षांपूर्वी मेलेला होता.

कड्यावरच्या लॉजच्या वहीत त्याने नाव लिहिलं मोहनन, गाव कोल्लम. खोली बरी होती. भिंतींना ओल आलेली, पण पांघरूण स्वच्छ, आणि शेजारच्या सगळ्या खोल्यांना कुलपं. त्याने बॅग टाकली, अंघोळ केली, आणि पलंगावर पाय ताणून दिले. दुपारचे साडेबारा वाजत आले होते.

तेव्हा त्याला ते ऐकू आलं. टप्, टप्. लागोपाठ दोन. आणि मग, राहून गेलेलं आठवावं तशी, जरा थांबून तिसरी. टप्.

टाळ्या होत्या. आणि हात ओले होते.

त्या मुलखात कोरड्या हाताची टाळी आणि ओल्या हाताची टाळी यांतला फरक शेंबड्या पोरालाही कळतो. हात धुऊन पोराने खेळता खेळता टाळी वाजवली की आई पाठीत धपाटा घालते. कारण ओल्या हातांनी टाळी वाजवायची ती एकाच वेळी, पानावर पिंड ठेवून कावळ्यांना बोलवताना.

सुगतन उठून बसला. मग स्वतःवरच वैतागला. खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर आहे, कुणीतरी पोरोटा थापतंय, झालं! पाय मोकळे करायला म्हणून तो खाली गेला आणि मॅनेजरला सहज म्हणाला, "पोरोटा होतोय वाटतं जेवणाला?"

"कुठला पोरोटा, साहेब? आमचा आचारी महिनाभर गावाला गेलाय. जेवण समोरच्या हॉटेलातून मागवावं लागेल." मॅनेजरने मोबाइलवरून डोळेही वर केले नाहीत.

स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप होतं.

२

त्याचं मरण झालं होतं ते असं.

बाप वेलायुधन होडीवाला. थोरल्या पोराने होडी सांभाळावी एवढंच त्याचं म्हणणं. पोराला माशाचा वास डोक्यात जायचा. एका दिवशी शब्दाने शब्द वाढला आणि बाप बोलून गेला, "जातोस तर जा. पण मी मरताना तोंडात पाणी घालायला येऊ नकोस!" पोरगं अठ्ठावीस वर्षांचं, डोक्यात राख घालून निघालं ते थेट ओमानला. आईने, पंकजाक्षीने, दारात उभं राहून विचारलं, "जेवून तरी जाशील का रे?" वाढलेला भात तसाच टाकून गेलं.

सहा महिन्यांत तिथे कामगारांची एक लाँच उलटली. यादीत सुगतनचं नाव होतं. सुगतन स्वतः तापाने फणफणून खोलीवर पडला होता. चौकशी न करता कंपनीने घरी कळवून टाकलं. हे त्याच्या कानावर आलं तेव्हा त्याच्या मनात काय आलं ते तो आजवर कुणाला बोललेला नव्हता. त्याच्या मनात आलं, रडू दे म्हाताऱ्याला एक दिवस. उद्या फोन करू.

एका दिवसाचे आठ झाले. आठ दिवसांनी फोन करायचा तर आठ दिवस का केला नाही ते सांगायला हवं. महिन्याने तर त्याहून अवघड. आणि वर्ष उलटल्यावर तोंड दाखवायची सोयच उरली नाही. माणूस एका फोनच्या आळसाने मरू शकतो, आणि एकदा मेला की जिवंत व्हायला त्याला लाज वाटते.

तो तिथेच, ओमानमधल्या सलालाहला, एका बर्फाच्या कारखान्यात लागला. तिथे यंत्रांची घरघर दिवसरात्र चालायची, स्वतःचा विचारसुद्धा ऐकू यायचा नाही, म्हणून ते काम त्याला आवडायचं. बाप गेल्याचं त्याला चहाच्या टपरीवर कळलं, तेही तीन वर्षं उशिरा. मग या वैशाखात एका दुपारी वीज गेली. कारखाना पहिल्यांदाच गप्प झाला. आणि त्या गप्पपणात, भिंतीपलीकडे वाजाव्यात तशा, त्याला तीन टाळ्या ऐकू आल्या.

त्याने रजा टाकली. ठरवलं एवढंच, अमावास्येला बापाला पिंड द्यायचा, तोंड लपवून, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. कायिक्कराकडे वळायचं नाही. आई होती अजून, हे टपरीवरच्या माणसाने सांगितलं होतं. पण आईला काय सांगणार? उद्या फोन करणार होतो म्हणून?

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला पुन्हा तेच. टप्, टप्... टप्. या खेपेला पोरोट्याचा विचार त्याच्या मनात आलाच नाही. त्याने बॅग भरली.

"काय झालं, ढेकूण?" बैजूने विचारलं.

"आवाज आहे."

"कसला हो? काल मीच इथे भजी खात बसलो होतो, माझ्या चावण्याशिवाय आवाज नव्हता." पण तो त्याला उत्तरेला, देवळामागच्या गल्लीत घेऊन गेला. तिथे एक निवृत्त पोस्टमास्तर मागची खोली भाड्याने देत. मास्तर एकटे, कानाने कमी, रोज संध्याकाळी रामायण वाचायचं आणि दिवसभर गप्प बसायचं असा त्यांचा महिना चाललेला. याहून शांत घर गावात नव्हतं.

रात्र छान गेली. सकाळी मास्तरांनी पुट्टू आणि चण्याची आमटी दिली. सुगतनला चौदा वर्षांनी तो नारळाचा वास आला आणि डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, उगीच घाबरलो. रिकाम्या लॉजमध्ये माणसाला काय काय ऐकू येतं.

साडेबाराला तो मुद्दाम जागा राहिला. उशाला घड्याळ ठेवून, डोळे उघडे ठेवून, भिंतीला पाठ लावून बसला. पहिली टाळी पडली ती खिडकीच्या इतक्या जवळ की त्याने मान झटकली.

मग तो फाटकात उभा होता.

मधलं काही त्याला आठवत नव्हतं. पाय अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल, उजवा हात फाटकाच्या कडीवर. अंग भिजून चिंब झालं होतं. समोरच्या कुंपणावर ओळीने कावळे बसलेले, पंचवीस तरी असतील, आणि एकाचंही तोंड त्याच्याकडे नव्हतं. सगळे पाठ करून दक्षिणेला बघत होते.

"अहो मोहनन!" मास्तर पडवीतून ओरडत होते. "चार हाका मारल्या! भर पावसात, न जेवता कुठे निघालात?"

सुगतनने कडीवरचा हात काढला. एक गोष्ट त्याला पक्की आठवत होती आणि तिनेच त्याची पाचावर धारण बसली. फाटकाशी पोचेपर्यंत त्याला भीती वाटली नव्हती. त्याला भूक लागली होती. वेड्यासारखी, पोटात आग पडल्यासारखी भूक.

३

"अण्णा, आता याहून शांत पाहिजे तर स्मशानच राहिलं," बैजू म्हणाला. सुगतनचा चेहरा बघून त्याने जीभ चावली. "गंमत केली हो. चला, कप्पिलला सरसम्मा चेचीचं घर आहे. खाडीच्या अलीकडे, माडांच्या बागेत. शेजार नाही, टीव्ही बिघडलाय, आणि चेची स्वतः एवढी कडक आहे की बेडूकसुद्धा विचारून ओरडतात."

पुन्हा उत्तरेलाच. प्रत्येक वेळी कायिक्करापासून आणखी लांब चाललोय, हे सुगतनच्या ध्यानात होतं आणि त्यात त्याला बरंही वाटत होतं. आवाज मात्र दर खेपेला जवळ येत होता. या दोन गोष्टींचा मेळ बसत नव्हता. त्याने तो बसवायचा नाद सोडला. कान तपासून घ्यायला हवेत, सलालाहच्या यंत्रांनी पडदे कामातून गेले असणार, असं त्याने स्वतःला समजावलं. भुकेचं काय? तर हवापालट.

सरसम्मा, सगळ्यांची चेची म्हणजे ताई, साठीची, शिडशिडीत, कपाळाला भस्म. तिने त्याला खालपासून वर न्याहाळलं.

"आजारी आहात?"

"नाही, चेची."

"मग असे पांढरेफटक का? जेवण वेळेवर लागेल. महिना कर्कटक आहे, संध्याकाळी औषधी पेज मिळेल, नाक मुरडायचं नाही. आणि उद्या माझ्या नवऱ्याचं श्राद्ध आहे, सकाळी अंगणात यायचं नाही."

घर खरंच शांत होतं. लाल फरशी, बुटकी छपरं, खोलीला एकच खिडकी, तिला लाकडी झडपा. माडांतून गळणारं पाणी आणि लांबवर समुद्र, बस्स. संध्याकाळची पेज कडू होती, पण पोटात गेल्यावर ऊब आली. सरसम्माने बळेच दुसरी वाटी ओतली. "कोण आहे घरी?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"कुणी नसलेला माणूस ही कडू पेज अशी संपवत नाही," ती म्हणाली. "लहानपणी कुणीतरी पाजलीय तुम्हाला ही. चवीवर तोंड वाकडं झालं नाही तुमचं." आणि भांडी उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगतन खोलीबाहेर पडलाच नाही. झडपांतून त्याला अंगणाचा तुकडा दिसत होता. ओल्या केसांची सरसम्मा, केळीच्या पानावर भात, तीळ, तुळस. तिने हात पाण्यात बुडवले आणि टाळ्या वाजवल्या. सुगतनचे दोन्ही हात पलंगाच्या काठावर आवळले गेले. पण त्या साध्या टाळ्या होत्या, घाईघाईच्या, पाच-सहा एकदम. त्याला काही झालं नाही. कावळे उतरले, सरसम्माने समाधानाने पदर तोंडाला लावला. सुगतनने एवढा मोठा निःश्वास सोडला की त्याचं त्यालाच हसू आलं. बघ, म्हणजे सगळं कानातलंच!

मग साडेबारा वाजले.

टप्, टप्.

तिसरी त्याने ऐकली की नाही, त्याला सांगता येत नाही.

"उठा! अहो उठा म्हणते ना!"

तो अंगणात उकिडवा बसला होता. समोर सकाळचं केळीचं पान. सरसम्मा हातात खराटा घेऊन चार पावलांवर उभी होती, पुढे यायला धजत नव्हती. पानावरचा भात एका बाजूने उकरलेला होता. ते कावळ्यांनी केलं होतं की नाही, कोण जाणे. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना तीळ चिकटले होते.

त्याने जीभ दातांवरून फिरवली आणि लगेच थांबवली. त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

सरसम्माने खराटा खाली ठेवला. आवाज अगदी खाली आणून ती म्हणाली, "मोहनन, एक विचारते, खरं सांगा. तुमच्या घरी ठाऊक आहे ना, तुम्ही आहात ते?"

सुगतन बोटांवरचे तीळ बघत राहिला.

"देवा रे," सरसम्मा म्हणाली. तिने घागरभर पाणी आणून त्याच्या हातावर ओतलं, बोट न् बोट स्वतः चोळून धुतलं आणि आपल्या पदराने कोरडं केलं. "जा. घरी जा. कुठलं ते मला सांगू नका. पण जा."

४

तो घरी जाणार नव्हता. तो सलालाहला जाणार होता.

बापाचा पिंड राहू दे, बाप स्वतःच नको म्हणाला होता. यंत्रांच्या घरघरीत जाऊन बसायचं, वीज गेली तर कानात कापूस घालायचा. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने बैजूला फोन लावला.

"आत्ता? अण्णा, आज अमावास्येची पूर्वसंध्या! स्टेशनपासून देवळापर्यंत माणूस आहे नुसतं. दोनच्या आत कप्पिलला पोचलो तर नाव बदलीन."

दोन. म्हणजे साडेबारा इथेच काढायचे.

त्याने दाराला कडी घातली. कडीत दोरी ओवून पलंगाच्या पायाला बांधली, आणि दुसरं टोक आपल्या घोट्याला. सरसम्माकडून कापूस मागून घेतला होता, तो कानात कोंबला, वरून पंचा गुंडाळला. झडपा लावल्या. हे करताना त्याला आपलं हसू येत होतं. चांगला बेचाळीस वर्षांचा बाप्या, पायाला दोरी बांधून बसलाय बकरीसारखा.

कापसात स्वतःचं रक्त घुमत होतं. घड्याळाचा काटा सहावर आला.

काही नाही.

तो हसला. मग त्याला वाटलं, खोलीत उजेड कमी झालाय. झडपांच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या फरशीवर पडायच्या, त्यातल्या मधल्या पट्ट्या बुजल्या होत्या. खिडकीबाहेर कुणीतरी बसलेलं होतं.

"चेची?" तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला डोक्याच्या आतून ऐकू आला.

बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी त्याने बघितलं. फटीतून चेहरा दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त दोन हात, छातीशी धरलेले. सुरकुतलेले, पाणी निथळणारे. ते एकदा मिटले. पुन्हा मिटले. कानातला कापूस असूनही दोन्ही टाळ्या त्याच्या बरगड्यांत वाजल्या. आणि मग हात अर्ध्यावर थांबले.

तिसरी पडली नाही. हात तसेच, वीतभर अंतर ठेवून, वाट बघत राहिले. मनगटावरून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. डाव्या हाताची करंगळी पेरातून बाहेर वाकलेली होती.

ती करंगळी सुगतनला ठाऊक होती. तो सहा वर्षांचा असताना त्याने होडीतल्या पेटीचं झाकण आईच्या हातावर पाडलं होतं. "मरू दे रे, नऊ आहेत अजून," म्हणाली होती ती, आणि वेदनेने रडता रडता हसली होती. त्या बोटापायी तिला नीट टाळीसुद्धा वाजवता यायची नाही. दोन वाजवायची, बोट सावरून घ्यायची, मग तिसरी.

त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सलालाहला वीज गेली त्या दुपारपासून माहीत होतं. त्याला फक्त माहीत करून घ्यायचं नव्हतं.

"अम्मा," तो म्हणाला. "मी आहे."

उजेडाच्या पट्ट्या परत फरशीवर पडल्या. घोट्याची दोरी ताणून तो खिडकीशी उभा होता आणि दोरीने कातडं सोललं होतं. झडपा उघडल्या तर बाहेर ओली माती, माड, आणि खिडकीखाली तळपायाएवढी दोन कोरडी ठिकाणं. भर पावसात कोरडी. बघता बघता तीही भिजून गेली.

दोन वाजता बैजू आला. "स्टेशन ना, अण्णा?"

"नाही. उद्या सकाळी ये. पापनाशम."

५

सकाळचे नऊ वाजले होते. पावसाने उघडीप दिली होती. वाळूवर माणसांच्या रांगाच रांगा, ओली धोतरं, ओले केस, कड्याच्या पायथ्याशी पिंडांची पानं, आणि वर कावळ्यांनी काळं झालेलं आभाळ. हजारो ओल्या टाळ्या एकदम वाजत होत्या. सुगतनला वाटलं होतं, इथे आपण वेडे होऊ. पण त्यातली एकही टाळी त्याला ओढत नव्हती.

एका भटजींसमोर तो बसला. बोटात दर्भाची अंगठी घातली, सांगितले ते शब्द म्हटले. बापाचं नाव घेतलं. "आलो बघा," तो मनात म्हणाला, "पाणी घालायला." पान वाळूवर ठेवून त्याने हात भिजवले आणि टाळी वाजवली. दुसरी वाजवायच्या आत एक थोराड कावळा धपकन उतरला, पिंड उचलला आणि गेलासुद्धा. रागीट म्हातारा, पण पोराचा भात घ्यायला त्याने क्षणाचा उशीर केला नाही. सुगतन रडता रडता हसला.

आणि तेव्हाच, मागून, टप्, टप्...

त्याने वळून बघितलं. पंधरा-वीस पावलांवर, मोडक्या छत्रीखाली, एक म्हातारी बसली होती. केस पांढरेशुभ्र, पाठ वाकलेली. तिच्यापुढे दोन पानं. एक रिकामं झालं होतं. दुसऱ्यावरचा भात जसाच्या तसा, टोकदार, वर तुळशीचं पान. कावळे त्याच्याभोवती उड्या मारत होते, पण पाठ करून.

...टप्.

तो चालू लागला. पाय आपसूक पडत होते आणि भूक पोटातून वर चढत होती. कानावर तिच्या भटजीचा वैतागलेला आवाज आला, "अम्मा, यंदाही शिवत नाही. सोडा समुद्रात, मागे रांग आहे."

"सोडते हो. घाई कसली?" म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात दुःख नव्हतं. तो आवाज चक्क खूश होता. शेजारच्या पानावरच्या बाईला ती सांगत होती, "चौदावं वर्ष. एकदाही शिवला नाही. लोक म्हणतात, पंकजाक्षी, पोराचा जीव अडकलाय तुझ्या, काहीतरी शांती करून घे. अगं, अडकायला आधी मरावं लागतं ना!"

"म्हणजे?" ती बाई म्हणाली.

"म्हणजे काय म्हणजे? वर्षाला एकदा कशाला, मी तर रोज विचारते. दुपारी जेवायच्या आधी अंगणात पान ठेवते, टाळी वाजवते. कावळे येतात, बघतात, पाठ करतात. म्हणजे आहे तो. कुठेतरी आहे. मग मी जेवते. ज्या दिवशी शिवेल ना, त्या दिवसापासून माझं जेवण बंद."

सुगतन तिच्या समोर वाळूत बसला. त्याला हाक मारायची होती, पाय धरायचे होते, चौदा वर्षांचं सगळं सांगायचं होतं. त्यातलं काही झालं नाही. समोर भात होता. पांढरा, ओला, त्याच्या नावाने वाढलेला. त्याला दुसरं काही दिसेना. सगळ्या कावळ्यांनी एकदम माना वळवल्या आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं. त्याचा हात पुढे गेला. भूक थांबणार होती, आत्ता, एका घासात. बोटं तुळशीच्या पानाला लागली.

मनगटावर फाडकन चापट बसली आणि एका गार, ओल्या हाताने ते करकचून धरलं.

"हात मागे घे."

त्याने वर बघितलं. आईचे डोळे त्याच्यावर रोखलेले होते, मोठे झालेले, पण आश्चर्य त्यात कमीच होतं. स्वयंपाक व्हायच्या आधी पातेल्यात हात घालणाऱ्या पोराकडे बघावं तशी ती बघत होती. तिची वाकडी करंगळी मात्र त्याच्या शिरेत रुतली होती.

"अम्मा, मी..."

"ते खायचं नाही. ते मेलेल्यांचं आहे." एका हाताने तिने त्याला धरून ठेवलं, दुसऱ्याने ते पान भातासकट गुंडाळलं आणि भटजीच्या अंगावर टाकलं. "घ्या, टाका कुठे टाकायचं ते. आमच्याकडे कुणी नाही ते खाणारं."

भटजी आ वासून बघत राहिला. कावळे कलकलाट करत उठले.

"मोने, बाळा," ती म्हणाली, आणि आता कुठे तिचा आवाज फुटला, "किती रे उशीर! रोज हाका मारून हात झिजले माझे. चल. तुझा भात घरी झाकून ठेवलाय."

मग तिने त्याला जवळ ओढलं आणि आपले दोन्ही ओले हात त्याच्या सदऱ्याला पुसून पुसून कोरडे केले.